ढगफुटीची आखूड काडतुसं

जेलिनेकांच्या घरी काडतुसं भरायचं काम नीव्हाचं होतं. लग्न झाल्यापासून तिचंच. तिच्या नवऱ्याची, डेलमारची, बोटं मक्याच्या कणसांएवढी. त्यानं चिमूटभर बंदुकीची दारू मोजायला घेतली की निम्मी टेबलावर आणि उरलेली बाहीवर. म्हणून त्यानं गॅरेजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या आणि पुढचं सगळं नीव्हानं करायचं, अशी वाटणी फार पूर्वीच झाली होती. तळघरात कपडे धुवायच्या मशीनशेजारी तिचं टेबल होतं. तिथं बसून ती वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायची, घासून चकचकीत करायची, बुडाला दारू पेटवणारी नवी टोपी बसवायची, आत दारू घालायची, वर गोळी दाबायची आणि पुंगळीचं तोंड आवळून टाकायची. एकच पुंगळी अशी पुन्हा पुन्हा भरता येते. जी माणसं रिकाम्या पुंगळ्या गवतात टाकून घरी जातात, ती ताटात अन्न टाकणाऱ्यांपैकीच, असं नीव्हाचं ठाम मत होतं आणि ते ती तोंडावर सांगायची.

नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या त्या टापूत महिन्यातून एका शनिवारी नेमबाजीचा मेळा भरायचा. बंद पडलेल्या खडीच्या खाणीत. येणारे सगळे पिकल्या केसांचे, आणि सगळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गुराख्यांच्या वेशात. मोठ्या कडांच्या टोप्या, कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्यात दोन रिव्हॉल्व्हर, हातात जुन्या घडणीची रायफल. समोर लोखंडी पाट्या उभ्या असायच्या. गोळी लागली की पाटी ठणकन वाजायची, हुकली की मागच्या मातीतून धूळ उडायची, त्यामुळे कुणाला काही लपवता यायचं नाही. क्लबात शिरताना प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागे. डेलमारचं नाव होतं ‘ढगफुटी’. नीव्हाचं होतं ‘दुसरी बायको’. पहिली कोण, असं कुणी नवख्यानं विचारलं की ती डेलमारच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवायची.

ढगफुटी हे नाव त्याला शोभायचंही. धान्याच्या कोठारावर जन्म गेलेला आडदांड माणूस. त्याला काडतूस भरगच्च लागायचं. चाप ओढला की खाण दणाणून जायची, रिव्हॉल्व्हरची नळी आभाळाकडे उडायची, आणि हा धुराच्या मागून हसत उभा. बाकीचे सांधेदुखीवाले हळूहळू हलक्या काडतुसांवर आले होते. त्यांना डेलमारनं कधी सुखानं जगू दिलं नाही. कुणाचा आवाज जरा मऊ आला की हा मागून विचारणार, “काय रे, उश्या फेकतोयस का?” तीस वर्षं त्यानं हा एकच विनोद केला आणि तीस वर्षं त्यावर तो स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसला.

मग त्याच्या उजव्या अंगठ्यानं दगा दिला.

त्या जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीला अंगठ्यानं मागं ओढावा लागतो, आणि गोळी सुटली की सगळा दणका त्याच अंगठ्याच्या मुळाशी येऊन बसतो. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. सांधा झिजलाय, आता त्याच्यात वंगण घालायची सोय नाही, असं ते म्हणाले. बंदूक सोडा असं काही त्यांनी सांगितलं नाही, पण दणका टाळा म्हणाले.  पुढच्या मेळ्याला डेलमार नेहमीचीच काडतुसं घेऊन उभा राहिला. आता दुखणार हे हाताला आधीच कळत होतं, त्यामुळे गोळी सुटायच्या आधीच नळी खाली झुकायची आणि पाटीच्या अलीकडे धूळ उडायची. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मेळ्याचा म्होरक्या लाइल बॅस्कम हा गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा. त्याच्या जिभेला विसावा माहीत नाही. तो म्हणाला, “ढगफुटी, त्या बिळातल्या खारींनी तुझं काय घोडं मारलंय रे?”

सगळे हसले. डेलमारही हसला. नीव्हा हसली नाही, कारण हसताना त्यानं अंगठा दुसऱ्या मुठीत लपवलेला तिनं पाहिला होता.

त्या हिवाळ्यात तो म्हणाला, आता पुरे झालं, येता हंगाम बघतो, नाही जमलं तर सप्टेंबरच्या मेळ्यानंतर पट्टा खुंटीला टांगतो. सहज बोलावं तसं, सूप पिता पिता. नीव्हानं मात्र चमचा खाली ठेवला. डेलमार निवृत्त झाला तो पहिला हिवाळा तिला चांगला आठवत होता. त्यानं तिच्या मसाल्याच्या बाटल्या मुळाक्षरांप्रमाणे लावल्या होत्या. ती कोलाची, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, करायला बसली की हा मागं उभा राहून पीठ नीट मळलं गेलंय का ते बघायचा. पण तेवढ्यानं ती घाबरली नव्हती. मसाल्याच्या बाटल्या पुन्हा विस्कटता येतात. आता हा नुसता खिडकीशी बसायला लागला होता. कोठारावरच्या पोरांनी फोन केला तर दोन शब्दांत ठेवून द्यायचा. महिन्यातला तो एक शनिवार गेला की या माणसात काय उरेल, याचा विचार तिला करवेना. तिचा नवरा मोठा होता, मोठ्या आवाजाचा होता, आणि तिला तो तसाच हवा होता.

हलकी काडतुसं घे, असं सांगून बघायचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या उश्या मोजलेला माणूस आता स्वतः उशी घेऊन कसा उभा राहणार? मेला असता पण राहिला नसता.

तेव्हा हे काम त्याच्या नकळतच करायला हवं होतं. नीव्हानं आधी सोपं करून पाहिलं. पुंगळी तीच, दारू कमी. पण त्या लांबड्या पुंगळीत थोडी दारू म्हणजे मोठ्या डब्यात मूठभर तांदूळ. कधी ती पुढं जाऊन बसते, कधी मागं, आणि मग एक गोळी दणकन सुटते तर दुसरी नुसती खोकते. खाणीत जाऊन तिनं एकटीनं चार झाडून पाहिल्या आणि मान हलवली. असला बेसूर डेलमारला बहिऱ्या कानांनीही कळला असता. थोडी दारू एकसारखी पेटायला हवी असेल तर डबाच लहान हवा. त्याच जाडीचं, पण आखूड असं एक जुनं काडतूस असतंही, आणि त्याच रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चकतीतल्या घरात ते बिनतक्रार बसतं. पण त्याच्या विकतच्या पुंगळीच्या बुडाची कड जरा रुंद असते आणि बुडावर कोरलेलं नावही वेगळं. पट्ट्याच्या चामडी घरात काडतूस खोचलं की बाहेर दिसतं ते फक्त बूड. डेलमारच्या नजरेतून ते सुटलं नसतं.

मग राहिला एकच मार्ग. त्याच्याच लांब पुंगळ्या कापून आखूड करायच्या. बूड तेच, नाव तेच. चोरी झाली तर ती वरच्या तोंडाकडून.

हातानं फिरवायचं एक लहानसं लेथ तिच्याकडे होतंच. तोंडं समान करायला ते वापरतात, केसभर पितळ काढायचं असतं. नीव्हानं त्याच्यावर पाव बोट पितळ काढायला घेतलं. डेलमार न्हाव्याकडे गेला, कोठारावर गप्पा मारायला गेला, दुपारी आरामखुर्चीत घोरायला लागला की ही खाली. धुवायचं मशीन चालू करून द्यायची म्हणजे लेथचा आवाज त्यात बुडून जाई. त्या वसंतात जेलिनेकांच्या घरातले पडदे इतक्या वेळा धुतले गेले की त्यांचा रंग उडाला. पितळाच्या शेवया टेबलाखाली साचायच्या, कापलेल्या तोंडाची धार ती आतून-बाहेरून मोडायची, आणि हे करताना स्वतःच्याही नकळत गुणगुणायची. तिला बरं वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यापासून लपवण्यासारखं काही हाताशी असणं ही काही वाईट गोष्ट नव्हती.

पहिला घाणा साफ बिघडला. पुंगळीचं पितळ तोंडाशी पातळ असतं आणि खाली जाड होत जातं. तोंड कापलं की त्या जाड भागाचंच नवं तोंड होतं. तिथं गोळी दाबली की पुंगळी फुगते, आणि फुगलेलं काडतूस घरात शिरत नाही. नीव्हानं डेलमारचं रिव्हॉल्व्हर कपाटातून काढून बघितलं तर सहाच्या सहा घरांनी तिला दारातून परत पाठवलं. तिनं ती सगळी काडतुसं उकलली, तोंडं आतून थोडी खरवडली आणि पुन्हा भरली. आता ती जागच्या जागी बसली.

रायफलची काडतुसं तिनं मुळीच कापली नाहीत. रायफलला तीच लांब काडतुसं लागतात, पण तिच्या पोटातल्या नळीत ती एकामागं एक निजतात आणि तिथं लांबीचा हिशेब पक्का असतो. आखूड काडतूस आलं की त्याच्या मागचं अर्धं पुढं घुसतं आणि काडतूस वर आणणारी खालची लिव्हर मध्येच अडकून बसते. मग सगळ्यांसमोर ती सोडवत उभं राहायचं. शिवाय रायफलचा दणका खांद्याला बसतो, अंगठ्याला नाही. तेव्हा रायफलचा डबा होता तसा राहिला, आणि पट्टा बदलला.

पट्टा भरायचं कामही तिचंच असल्यामुळे ते सोपं गेलं. पुढची आणि बाजूची घरं ती भरायची. पाठीवरची रिकामी असायची, कारण डेलमारचा खांदा आता तितका मागं जात नव्हता. रिव्हॉल्व्हर भरताना तो हाताकडे कधी बघायचा नाही. बोटं आपली पट्ट्यातून काढायची नि घरात सारायची, आणि तोंड शेजारच्याशी गप्पा मारत असायचं. नीव्हाची सगळी भिस्त त्या गप्पांवर होती.

आवाजाचं काय? त्यासाठी तिनं त्याच्या वाढदिवसाला कान झाकायचे भारीतले नवे मफ आणले. आधीचे तर चांगले आहेत की, असं तो म्हणाला. तिनं सांगितलं, कानांची काळजी घ्यायला हवी या वयात. आखूड काडतुसांनी रिव्हॉल्व्हरच्या घराच्या पुढच्या भागात काजळीचं एक कडं धरतं. ते त्याच्या नजरेला पडू नये म्हणून तिनं बंदुका साफ करायचं कामही मागून घेतलं. तुझ्या अंगठ्याला त्रास नको, असं म्हणाली. आणि मेळ्यात नेम झाल्यावर पलीकडच्या टेबलावर रिव्हॉल्व्हर रिकामी करून दाखवावी लागतात, तिथं आखूड पुंगळ्या सगळ्यांसमोर टपटप पडल्या असत्या. म्हणून त्या टेबलावर राखण करायची जबाबदारी तिनं अख्ख्या हंगामासाठी अंगावर घेतली. ते काम पाळीपाळीनं करायचं असतं आणि कुणालाच नको असतं. लाइल म्हणाला, नीव्हाबाईंचा पुतळा उभारू.

मे महिन्याच्या मेळ्याला डेलमार पट्टा बांधून उभा राहिला तेव्हा नीव्हाचा जीव टांगणीला लागला होता. टेबलामागं उभी राहून ती एप्रनचं टोक पिळत होती. घंटी वाजली. पहिली गोळी सुटली. आवाज मऊ आला, तिला तरी तो फार मऊ वाटला, पण पाटी ठणकन वाजली आणि रिव्हॉल्व्हरची नळी नेहमीसारखी आभाळाकडे उडाली. मग दुसरी, तिसरी. पाचही पाट्या वाजल्या; सहावं घर नियमानं रिकामंच ठेवायचं असतं. नळी दर वेळी वर. नीव्हाला जरा नवल वाटलं, एवढ्याशा दारूत इतका झटका कसा. मग तिनं स्वतःलाच सांगितलं, सवय, दुसरं काय. इतक्या वर्षांची सवय हातात मुरलेली. पण त्यामुळे ती निश्चिंत झाली, कारण नळी वर उडतेय तोवर डेलमारला काही कळलेलं नाही हे उघड होतं.

तो टेबलाशी आला, रिव्हॉल्व्हर रिकामी करून दिली आणि म्हणाला, आज हात बरा चाललाय. तिनं पुंगळ्या झटकन एप्रनच्या खिशात सारल्या.

तो उन्हाळा फार चांगला गेला. जून, जुलै, ऑगस्ट. डेलमारच्या पाट्या वाजत होत्या. खिडकीशी बसणं थांबलं. त्यानं गाड्याची चाकं नवी केली, म्हणजे बंदुका ठेवून ढकलत न्यायचा तो लाकडी गाडा. कोठारावरच्या पोरांना घरी बोलावून शेगडीवर मांस भाजलं. परतीच्या वाटेवर गाडीत तो प्रत्येक गोळीचं वर्णन करायचा आणि नीव्हा मांडीवर कोलाचीचा रिकामा डबा घेऊन ऐकत बसायची. तिच्याएवढी सुखी बाई त्या रस्त्यावर नसेल. क्लबातले बाकीचे इतके गप्प कसे, हे एक कोडं होतं. आवाज मऊ झालाय हे त्यांना ऐकू येत नसेल? पण त्यांच्यातले निम्मे कानानं अधू होते आणि उरलेल्यांनी आपापल्या उश्या आधीच सोसलेल्या होत्या. कुणी बोललं नाही. लाइलसुद्धा नाही, आणि लाइलनं गप्प बसणं हे गारा पडण्यासारखं होतं, क्वचित घडणारं. पट्टा खुंटीला टांगायचा विषय मात्र डेलमारनं पुन्हा काढला नव्हता. सप्टेंबर झाला की बघू, एवढंच एकदा म्हणाला होता.

सप्टेंबरचा मेळा हा हंगामातला शेवटचा. लांबलांबून माणसं येतात, मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, शिजते आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल असतात. वारा होता. गवत पिवळं पडलं होतं. सकाळी लाइल एका खोक्यावर उभा राहून दिवसाचे खेळ वाचून दाखवायला लागला, पण नीव्हा तोवर पलीकडे आपलं टेबल पुसत होती. पहिल्या खेळाचे नियम तिला ऐकू आले ते शेजारून जाणाऱ्या एका बाईच्या कुरकुरीतून. रिव्हॉल्व्हरच्या दोन्ही फेऱ्या, मग रायफलच्या दहा गोळ्या, आणि मग रायफलच्याच आणखी दोन. त्या दोन गोळ्या पट्ट्यातून काढून तिथल्या तिथं रायफलमध्ये भरायच्या. म्हाताऱ्या बोटांतून काडतुसं गवतात पडतात म्हणून लाइलनं हा प्रकार गेली दोन वर्षं बंद ठेवला होता. शेवटचा मेळा म्हणून यंदा पुन्हा काढला होता.

नीव्हाचं फडकं टेबलावरच थांबलं. पट्ट्यात सगळी आखूड होती.

लांब काडतुसांचा डबा गाड्यात, गाडा पलीकडे, मध्ये नेमबाजीची जागा. तिनं मान वर केली तर पहिलंच नाव पुकारलं गेलं होतं ते ढगफुटीचं. तो भरून तयार होऊन जागेवर येऊन उभाही राहिला होता. एकदा माणूस तिथं उभा राहिला की बाहेरून कुणी त्याला काही द्यायचं नाही, जवळ जायचं नाही. आता दोन आखूड काडतुसं रायफलमध्ये जाणार, पहिल्याच्या मागून दुसरं घुसणार, लिव्हर अडकणार, आणि हा बाहेरगावच्या माणसांसमोर ती ओढत बसणार, दुखऱ्या अंगठ्यानं. मग कुणीतरी मदतीला येणार, रायफल उघडणार, आणि आतून निघणार ढगफुटीच्या पट्ट्यातली कापलेली काडतुसं. पट्टा खुंटीला लागायला एवढं पुरे होतं. आणि ते तिच्यामुळे.

आपण ओरडावं असं तिला वाटलं. थांबा म्हणावं, मी चूक केलीय म्हणावं. पण काय चूक, हे विचारल्यावर सगळ्यांसमोर तेच सांगावं लागलं असतं. तरी तिनं हात वर करायला सुरुवात केलीच. तेवढ्यात लाइलच्या हातातलं वेळ मोजायचं घड्याळ वाजलं आणि डेलमारनं पहिलं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं.

पाच ठणके. नळी दर वेळी वर. दुसरं रिव्हॉल्व्हर, पुन्हा पाच. मग रायफल. तिचा आवाज भरदार, जुन्या ढगफुटीचा. दहाच्या दहा वाजल्या. नीव्हाला मोजायचं भान नव्हतं, ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. हात पट्ट्याकडे आला. बकलाजवळच्या भरलेल्या घरांवरून पुढं गेला. बाजूच्या घरांवरूनही पुढं गेला. डेलमारनं दात आवळले, खांदा तिरका केला आणि हात पार पाठीमागं नेला, जिथं तो पोचत नाही म्हणून ती घरं रिकामी ठेवत होती तिथं. तिथून त्यानं दोन काडतुसं ओढून काढली. उन्हात ती तिला स्पष्ट दिसली. दोन्ही लांब होती.

खट, खट, आत गेली. लिव्हर लोण्यासारखी फिरली. ठण. ठण.

बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेलमार रायफल खांद्याला टेकवून सावकाश टेबलापाशी आला, रिव्हॉल्व्हर पुढं ठेवली आणि एकेक घर रिकामं करायला लागला. आखूड पुंगळ्या दोघांच्या मध्ये टेबलावर पडत होत्या. या वेळी नीव्हानं त्या उचलल्या नाहीत.

“मागची दोन कुणी ठेवली?” तिनं विचारलं.

“मी. रायफलच्या डब्यातली. मेपासून आहेत तिथं. तू पट्टा भरून दिलास की गाडीत बसल्यावर खोचतो. लाइलच्या डोक्यात कधी काय येईल, सांगता येतं का?”

“मेपासून?”

“नीव्हा, चाळीस वर्षं तू मला बहिरा बहिरा म्हणून ओरडतेयस. आणि वाढदिवसाला आणलंस काय, तर आणखी कमी ऐकू येईल असं काहीतरी. मला वाटलंच काहीतरी शिजतंय. मग बंदुका साफ करायला मागितल्यास. उभ्या जन्मात कधी केल्या होत्यास? आणि काडतूस बोटात घेतल्यावर कळत नाही होय? मी काय पट्ट्यातून शेंगदाणे काढतो?”

 नीव्हाला राग यायला हवा होता, लाज वाटायला हवी होती, पण वाटत होतं ते वेगळंच. अख्खा उन्हाळा ती ज्याला सांभाळत होती तो तिला सांभाळत होता. “मग बोलला का नाहीस?” एवढंच ती म्हणाली.

डेलमारनं अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हातानं चोळलं. “तू खाली गुणगुणत होतीस,” तो म्हणाला. “आणि अंगठा दुखत नव्हता. कुठल्या तोंडानं बोलू? तीस वर्षं लोकांना काय काय बोललोय.”

तिला एकदम काहीतरी आठवलं. “पण नळी तर वर उडत होती. मी दर वेळी बघत होते.”

“मीच उडवत होतो.”

“दर वेळी?”

“तू बघत होतीस ना. म्हटलं, कळलं तर हिरमुसशील.” तो खांदा चोळायला लागला. “फार दुखतो गं त्यानं खांदा.”

नीव्हा टेबलाला धरून हसायला लागली. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढचा माणूस रिव्हॉल्व्हर घेऊन येऊन उभा राहिला होता, त्याला वाटलं बाईंना काही झालं की काय. डेलमारनं आपल्या पुंगळ्या ओंजळीत गोळा केल्या, तिच्या एप्रनच्या खिशात घातल्या आणि निघाला. जाता जाता सांगून गेला, पडदे आता बास, घरात भर उजेडात झोप येत नाही.

दुसरा खेळ सोपा होता. या वेळी त्या टेबलावर दुसऱ्या कुणाला बसवून नीव्हा मुद्दाम पुढं येऊन उभी राहिली, चिलीच्या रांगेतली माणसंही वाडगी घेऊन बघायला आली. घड्याळ वाजलं. डेलमारनं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि झाडलं. नळी जेमतेम बोटभर हलली. त्याचा हात निवांत, खांदा निवांत, अंगठा घोड्यावर नुसता टेकवल्यासारखा. पाच पाट्या इतक्या भरभर वाजल्या की त्यांचा एकच सूर झाला. गेल्या कित्येक वर्षांत त्यानं असं झाडलं नव्हतं. आवाज मात्र मऊ होता, आणि आता झटक्याचं सोंगही नसल्यामुळे तो मऊपणा सगळ्या खाणीला ऐकू आला.

लाइल घड्याळ घेऊन त्याच्या खांद्यामागं उभा होता. सबंध उन्हाळा आवरून धरलेली त्याची जीभ आता सुटली.

“काय ढगफुटी,” तो म्हणाला, “उश्या फेकतोयस का?”

रांगेतले चमचे वाडग्यातच थांबले. नीव्हानं एप्रनचा खिसा मुठीत धरला. घड्याळ चालू होतं, एकेक क्षण डेलमारच्या खात्यावर चढत होता, आणि दुसरं रिव्हॉल्व्हर अजून पट्ट्यातच होतं. डेलमारनं पहिलं जागेवर ठेवलं. घाई केली नाही. मग बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात, पार गाड्यांपर्यंत ऐकू जाईल असा तो बोलला.

“हो. बायकोनं शिवल्यात.”

आणि त्यानं दुसरं रिव्हॉल्व्हर काढलं.